सव्वा मूठ

भाईदास बोरसेची गाडी बंद पडली नाही असा महिना त्याच्या आठवणीत नव्हता, आणि गाडी बंद पडल्यावर मदतीला कोणी आलं नाही असा प्रसंगही त्याला आठवत नव्हता. या दोन गोष्टींवर त्याचं उतारवय चाललं होतं. गाडी मुळात लष्कराची रुग्णवाहिका. लिलावातून कुठे कुठे फिरत ती शिरपूरच्या एका गॅरेजमागे कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. बायको गेल्यावर घरात बसवेना, म्हणून भाईदासने घर विकलं आणि हे खुराडं घेतलं. बाजूच्या लाल फुलीवर त्याने निळ्या रंगाचे चांगले तीन हात मारले, तरी ऊन तिरपं पडलं की फुली निळ्यातून वर यायचीच. आत एका अंगाला फळीची खाट आणि स्टोव्ह, दुसऱ्या अंगाला शिलाई मशीनचं सामान, म्हणजे शटल, बॉबिन, चामडी पट्टे आणि तेलाच्या बुधल्या. धुळ्यापासून नवसारीपर्यंत गावोगावच्या शिंप्यांची मशीनं दुरुस्त करत फिरायचं आणि दिवस मावळेल तिथे झाडाखाली गाडी लावून झोपायचं, असा त्याचा संसार होता. लोक त्याला मशीनवालाच म्हणत.

दुसऱ्यांची मशीनं तो डोळे मिटून जुळवायचा, पण स्वतःच्या गाडीपुढे मात्र त्याने केव्हाच हात टेकले होते. काचेखाली सप्तशृंगीचा छोटा फोटो होता. गाडी थांबली की तो आधी फोटोला हात जोडायचा, मग खाली उतरून रस्त्याकडे बघत बसायचा. सोनगडच्या चढावर एका आदिवासी जोडप्याने आपले बैल जुंपून त्याला वर ओढून दिलं होतं. व्याऱ्याला एका पारशी म्हाताऱ्याने रात्रभर कंदिलाच्या उजेडात त्याचा रेडिएटर सांधून दिला होता आणि सकाळी चहा पाजून वर त्याचेच आभार मानले होते. देवी काही स्वतः खाली उतरून हँडल मारत नाही, ती माणूस धाडते, एवढीच भाईदासची श्रद्धा होती आणि ती आजवर कधी खोटी ठरली नव्हती.

पण रेल्वेचा मोठा संप झाला त्या वर्षीच्या श्रावणात मात्र तो मनापासून थकला होता. पाठ धरली होती, डोळ्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं, आणि कुठेतरी कायमचं टेकावं असं त्याला पहिल्यांदाच वाटू लागलं होतं. त्याआधी एक काम राहिलं होतं. त्याची एकुलती एक मुलगी शकू तळोद्याला दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शकूचं माहेर चार चाकांवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो तळोद्याला गेला, तेव्हा शेजारच्या धुडकू शिंप्याच्या मशीनला नवं शटल बसवत होता. शकू ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, श्रावणनी पुनवना आत या. मी बाजवर ऱ्हासू तवय दारमा तुमनी निळी गाडी दिसाले पायजे. मना माहेर तेच शे." भाईदासने मान हलवली होती. आईविना वाढवलेल्या पोरीने आजवर बापाकडे मागितलं असं ते एवढंच होतं.

म्हणून नागपंचमी झाल्यावर नवसारीकडचं काम अर्धवट टाकून तो निघाला. सुरतेजवळच्या उधन्यावरून डिंडोलीच्या शेतांच्या कडेने पर्वत पाटियाला जायचं, तिथे बारडोलीचा रस्ता धरायचा, की पुढे नवापूर, नंदुरबार आणि तळोदा. पुनवेला अजून बरेच दिवस होते. रविवारी दुपारी उधन्यात, लूमच्या शेडांमागच्या एका पत्र्याच्या चाळीपुढे गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

भाईदासने फोटोला हात जोडले आणि खाली उतरला. एरवी त्या भागात मागांची खडखड चोवीस तास चालायची, पण आज सगळं शांत होतं. चाळ अशी सारवून, धुऊन लख्ख केली होती की पाय ठेवायला संकोच वाटावा. तळणीचा आणि पुरणाचा वास गल्लीभर कोंदला होता, आणि त्या वासाने भाईदासच्या लक्षात आलं की आज कानबाई, घरोघर देवी बसवायचा दिवस. खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेल्या माणसांनी बाकी काय काय मागे टाकलं असेल ते असो, कानबाई सोबत आणली होती.

पहिल्याच दारातून साठीची एक बाई बाहेर आली. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर घट्ट. तिने गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"बंद पडनी का, भाऊ?" ती म्हणाली. "पडू द्या. आज कोनी रस्तावर ऱ्हात नही. या घरमा."

ती सरलाबाई देवरे. तिचे दोघे मुलगे, सोमा आणि चंदू, शेजारच्याच शेडमध्ये माग चालवायचे. भाईदासने हातपाय धुतले. कोपऱ्यात चौरंगावर कानबाई बसली होती. नारळाला डोळे आणि नथ लावून, हिरवी साडी नेसवून, फुलांनी झाकलेली. समोर समई होती. इतक्या दिवसांनी घरातली जमीन पायाखाली आली, तर भाईदासला उभ्या उभ्याच झोप येऊ लागली.

सरलाबाई जरा अवघडून म्हणाली, "आमी देवरे. रोट भाऊबंदना बाहेर जात नही, म्हनीसन इचारस. तुमी कोन?"

हा प्रश्न अगदी रास्त होता. कानबाईचा रोट म्हणजे साधा स्वयंपाक नव्हे. घरात जेवढे पुरुष, त्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ डाळ मोजायची, ती वेगळी दळायची, आणि त्या पिठाचं जे होईल ते फक्त कुळातल्यांनी खायचं. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही, आणि पुनवेपर्यंत ते सगळं संपवायचं. भाईदासला हे लहानपणापासून ठाऊक होतं. "आम्ही बोरसे" एवढं म्हटलं असतं, तर त्या बाईने त्याला नक्कीच शेजारून काहीतरी आणून दिलं असतं. पण म्हणजे पुन्हा उठायचं, पुन्हा कुठेतरी परक्या दारात बसायचं. त्याच्या अंगात तेवढंही उरलं नव्हतं.

"आमी बी देवरेच," तो म्हणाला.

"मंग तं घरनाच मानूस," सरलाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला.

सोमा आणि चंदूच्या मधे एक पाट आधीच मांडलेला होता, त्यावर त्याला बसवलं. ताटात पुरणाची पोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. घास उचलताना भाईदासच्या मनाला टोचणी लागली, म्हणून तो म्हणाला, की माझ्यामुळे तुमच्या मोजलेल्या पिठात कमी पडायचं, मी अर्धीच पोळी घेतो.

"कमी कसं पडी?" सरलाबाई वाढता वाढता म्हणाली. "तुमनी मूठ पहिलेच मोजाई जायेल शे."

मग सोमाने त्याला समजावलं. सोमा मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत घसरायचा. त्याचा एक काका होता, उखा. तो ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो पुन्हा आलाच नाही. सोमाला त्याचा चेहराही नीट आठवत नव्हता. पण आई दरसाल त्याच्या नावाची सव्वा मूठ मोजायची, आणि पुनवेला ते उरलेलं गाईला घालायची. "आ वर्षे गाईचं नुकसान," सोमा हसून म्हणाला. भाईदासही हसला आणि जेवला. असं जेवण त्याला बायको गेल्यापासून मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतल्या बायका कानबाईला डोक्यावर घेऊन गाणी म्हणत खाडीवर गेल्या. भाईदास मागे मागे चालला. देवी पाण्यात गेली तेव्हा तिची नथ काढून घेतलेली होती, पण डोळे तसेच होते आणि ते आपल्याकडेच आहेत, असं त्याला वाटलं. तो खोटं बोलला होता, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच होतं. परत आल्यावर मगन मिस्त्रीने, म्हणजे कोपऱ्यावरच्या गुजराती मेकॅनिकने, गाडीचा तुटलेला पट्टा बदलून दिला. भाईदासने सरलाबाईला नमस्कार केला.

"आज मुक्काम करता तं बरं व्हतं," ती म्हणाली. "रोट सरस नही तवलोंग आमना घरना मानूस बाहेर झोपत नही."

"पोरगी वाट पाही राहिनी, बाई," भाईदास म्हणाला, आणि ते खरं होतं.

गाडी छान चालली. डिंडोली मागे पडली, दोन्ही बाजूंना भिजलेली शेतं होती. पर्वत पाटियाचा नाका आला, तिथून बारडोलीकडे वळण घ्यायचं, आणि वळणावर एका लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबली. या वेळी तिने आचका दिला नाही की खाकरली नाही. चालता माणूस काहीतरी आठवून थांबतो तशी थांबली. भाईदासने पट्टा पाहिला, पाणी पाहिलं, हँडल मारून मारून खांदा दुखवून घेतला. मग नेहमीप्रमाणे फोटोला हात जोडायला तो आत वाकला, तेवढ्यात मागून हाक आली.

"काका, चला घरी. चालो घेर."

सोमा आणि चंदू होते. त्यांच्याबरोबर कोणाची तरी बैलगाडी होती आणि जाड दोर होता. भाईदासला हायसं वाटलं. देवीने माणूस धाडला. दोर बांधून झाल्यावर, बैल चालू लागल्यावर, त्याच्या मनात आलं की उधन्याहून बैलगाडीने इथवर यायला आपल्याला जितका वेळ लागला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणजे हे निघाले केव्हा?

"तुमाले कोनी सांगं?" त्याने विचारलं.

"आईने," सोमा म्हणाला. "ताट वाढून बसली आहे."

मगन मिस्त्रीने या खेपेला कार्बोरेटर उघडला, साफ केला, पुन्हा बसवला. भाईदास बाजूला बसून राहिला. आसपासच्या बायकांनी आपापली जुनी मशीनं त्याच्यापुढे आणून ठेवली आणि त्याने ती दुरुस्त करून दिली. त्या बदल्यात कोणी त्याची धोतरं धुतली, कोणी गाडीच्या गळक्या टपावर मेणकापड शिवून घातलं. शेजारची मंगलाबाई रोज सकाळी न विचारता चहा आणून ठेवायची. असं शेजारपण नशिबाने मिळतं, असं तो स्वतःलाच सांगायचा. पण रोज दुपारी आणि संध्याकाळी त्याला त्या मधल्या, उखाच्या पाटावर बसावं लागायचं आणि रोट खावा लागायचा, आणि रोज त्याच्या छातीत शकूची काळजी थोडी आणखी घट्ट व्हायची.

दुसऱ्यांदा तो निघाला तेव्हा कोणाला न सांगता, भल्या सकाळी, सरलाबाई पाण्याला गेली असताना निघाला. गाडी पुन्हा सुरेख चालली. नाका आला आणि त्याने दात आवळले, वेग वाढवला. तरीही लिंबाखाली येऊन गाडी थांबली. तो उतरला. मागच्या वेळी इंजिनमधून गळलेल्या तेलाचा डाग रस्त्यावर तसाच होता आणि गाडीचं तोंड बरोबर त्या डागावर येऊन उभं होतं.

या वेळी त्याला रस्त्याकडे बघत बसावं लागलं नाही. सोमा आणि चंदू झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते. दोराचं भेंडोळं शेजारी होतं, बैल सोडून चारा टाकलेला होता, आणि त्यांच्या विड्या विझत आल्या होत्या. त्याला पाहून दोघं उठले, चड्ड्या झटकल्या आणि दोर बांधू लागले. चंदूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात प्रेमाचा होता, त्यात शंका नाही. भाईदासला वाटलं त्याने आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मगनने सगळी गाडी खोलली. खोलून पुन्हा जोडली. मग हात पुसत तो भाईदासच्या समोर येऊन बसला.

"काका, गाडीमां कशुं बगड्युं नथी," तो म्हणाला. "माझ्याकडे आणू नका आता. चांगल्या गाडीचे पैसे घ्यायला मला लाज वाटते."

पूनव जवळ आली होती. भाईदासने एक गोष्ट केली जी खरं तर त्याने आधीच करायला हवी होती, पण गाडी सोडून जाणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून जाण्यासारखं होतं आणि शकूने गाडीच मागितली होती. त्याने देवीचा फोटो खिशात घातला, गाडीला कुलूप लावलं आणि चालत उधना स्टेशनवर जाऊन नंदुरबारचं तिकीट काढलं. आगगाडीत गर्दी होती. खिडकीजवळ एका बाईने आपलं पोर मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली. शिट्टी झाली. गाडी हलली नाही.

थोडा वेळ गेला. मग आणखी गेला. लोक खिडकीतून माना काढून बघू लागले. कोणी येऊन सांगितलं की इंजिन वाफ धरत नाही. दुसरं इंजिन आणून जोडलं, त्यानेही वाफ धरली नाही. उकाडा वाढला, पाणी संपलं, समोरच्या बाईचं पोर रडून रडून निपचित झालं. एक म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत होता की चिंचपाड्याला माझ्या भावाचं प्रेत ठेवलंय, गाडी कधी सुटेल. भाईदास डोळे मिटून बसला होता. त्याने खिशातला फोटो घट्ट धरला होता आणि मनात देवीला म्हणत होता की या सगळ्यांचं माझ्याशी काही देणंघेणं नाही, यांना जाऊ दे. आणि गाडी सुटायला आपण काय करायला हवं ते त्याला आतून माहीत होतं, म्हणून त्याला त्या पोरवाल्या बाईकडे बघवेना.

शेवटी तो उठला. "तब्येत ठीक नही," असं कोणीही विचारलेलं नसताना म्हणाला आणि फलाटावर उतरला. त्याचा दुसरा पाय जमिनीला लागला न लागला तोच गाडीला मोठा हिसका बसला आणि ती चालू लागली. डबे एकेक करत पुढून गेले. त्या बाईने खिडकीतून त्याला हात केला, त्याची जागा अजून धरून ठेवल्याची खूण केली.

स्टेशनबाहेर न्यायला कोणी आलं नव्हतं. त्याची आता गरजही नव्हती. भाईदास आपल्या पायांनी चाळीत परत आला. ताट वाढलेलं होतं. तो हात न धुताच भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बाई, मी देवरे नही. मी बोरसे शे. भूक लागेल व्हती, थकी जायेल व्हतू, म्हनीसन खोटं बोलनू. तुमना रोट बाटाडा मी. काय शिक्षा व्हई ती द्या, पन माले सोडा. मनी पोर एकली शे."

सरलाबाईने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"मी कोठे धरी ठेयेल शे, भाऊ," ती म्हणाली. "पन मूठ तं मोजाई गयी ना. पुनवलोंग दम धरा. रोट सरना का मंग कोनी अडावत नही."

मग भाईदासने आपल्या परीने हिशेब केला. रोट सरल्यावर सुटका असेल, तर तो लवकर सरवावा. त्या दिवसापासून तो भूक नसताना खाऊ लागला. पोळी संपली की दुसरी मागायचा, खीर वाटी वाटी प्यायचा. घशाखाली उतरत नसलं तरी पाण्याबरोबर उतरवायचा. चाळीतल्या बायका कौतुकाने बघायच्या की पाहुण्याच्या अंगी जेवण लागलं. पिठाचा डबा चुलीशेजारी असायचा आणि सरलाबाई झाकण काढायची तेव्हा त्याला आतलं दिसायचं. पीठ कमी होत होतं. पण ते त्याच्या खाण्याने कमी होत नव्हतं. त्याने एक पोळी खाल्ली काय आणि पाच खाल्ल्या काय, पीठ दिवसाला जेवढं उतरायचं तेवढंच उतरायचं. कोणी त्यात भर घालत असेल म्हणून त्याने एक अख्खी दुपार चुलीकडे तोंड करून काढली. कोणी आलं नाही. त्याच दुपारी त्याला अंगात कणकण वाटली आणि त्याने हिशेब सोडून दिला. फार दिवसांच्या जागरणानंतर येते तशी एक जड शांतता त्याच्यावर उतरली. त्या शांततेत शकू दूर, पलीकडच्या काठावर दिसायची. तिला हाक मारायचे कष्टही त्याला झेपेनात.

राखी पुनवेचा दिवस उजाडला तेव्हा मात्र तो लवकर जागा झाला. आज पोचलो तरी पुनवेच्या आतच म्हणायचं. त्याने गाडी पुसली, फोटोला ताजं फूल वाहिलं. मगन कामावर जाता जाता थांबला आणि म्हणाला की मी हँडल मारून देतो, तुम्ही जेवून घ्या. डब्यातल्या शेवटच्या पिठाची सरलाबाईने एकच पोळी केली आणि ती उखाच्या वाट्याची म्हणून भाईदासच्या पानात वाढली. सोमा आणि चंदूचं आधीच झालं होतं. तो ओट्यावरच, दाराच्या चौकटीला टेकून जेवायला बसला. समोर निळी गाडी होती. ऊन तिरपं होतं आणि रंगाखालची फुली उमटली होती.

शेजारच्या मंगलाबाईकडे तिचा भाऊ राखीसाठी आला होता. मनगटावर राखी, खांद्यावर सुरतेहून न्यायच्या कापडाचं गाठोडं, असा तो निघायच्या तयारीत ओट्यावर आला. भाईदासने मान वर केली आणि त्याच्या अंगातून आनंदाची लाट गेली. तो तळोद्याचा धुडकू शिंपी होता.

धुडकूने त्याच्याकडे पाहिलं. परक्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं, आदराने पण ओळख नसलेलं.

"जेवा, जेवा, बाबा," तो म्हणाला, आणि खांबाला टेकून बसला. "कोनता गावना तुमी?"

भाईदासच्या तोंडात घास होता. त्याला वाटलं, उन्हामुळे दिसलं नसेल. सरलाबाईच आतून म्हणाली, "आमना घरनाच शेतस. मशीन दुरुस्त करतस."

"आसं? आमनाकडे बी एक मशीनवाला शे," धुडकू उत्साहाने म्हणाला. "भाईदास बोरसे. आखाजीले मना मशीनले असं शटल बसाडं त्यानी, आजलोंग दोरा तुटना नही. त्यानी पोर आमना शेजारले दियेल शे. शकू. तिले पोऱ्या व्हयना, परोंदिन." आणि मग त्याने सुटीतल्या माणसाच्या ऐसपैस आवाजात सगळं सांगितलं. पोर फार अडली होती, सगळ्यांनी आशा सोडली होती, पण बाप उशाशी बसून होता म्हणून तिने धीर धरला. बाप कानबाई उठली त्या सोमवारीच येऊन पोचला होता. पर्वत पाटियाला गाडी बंद पडली होती म्हणे, पण माणसं भली भेटली.

"आते गाडी दारमाच शे," धुडकू म्हणाला. "निळी. पोर बाजवरतीन पाहस नि हासस."

भाईदासने घास गालात सरकवला. त्याला सांगायचं होतं. त्याने हातही वर केला होता. पण धुडकूच्या डोळ्यांत कुठेही त्याचा चेहरा नव्हता, आणि शकू वाचली होती, हसत होती. त्याने हात खाली घेतला.

"कसा शेतस त्या?" एवढंच त्याने विचारलं.

"चांगला शेतस. थकेल दिसतस," धुडकू म्हणाला, आणि गाठोडं उचलून उभा राहिला. "एकच आढी शे त्यासनी. कानबाईना रोट वाढा, तं हात लावतस नही. म्हनतस, मना नावना रोट सुरतमा कोनी तरी खाई राहिना."

तो राम राम करून गेला. बाहेर मगनने हँडल मारलं आणि पहिल्याच फेऱ्याला गाडी सुरू झाली, नव्यासारखी, एका लयीत. भाईदासने तोंडातला घास गिळला. सरलाबाई पदराला हात पुसत आली, वाकून तिने त्याचं रिकामं ताट उचललं.

"सरना रोट, भाऊ," ती मायेने म्हणाली. "आते कोठे जावानं ते जा."